मुकादमाचा होकार

हौसाबाईंच्या नातीचं बारसं झालं, त्या वर्षी त्या कामाला होत्या त्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात शिकवणारी टोपी आली. ती घालून झोपलं की सगळं काम डोक्यात उतरायचं.

"मावशी, टोपीनं शहाण्या झालात," मुकादम भिवसेन हसायचा, "पण मी हो म्हटल्याशिवाय झडपेला हात लावायचा नाही!"

एका दुपारी यंत्रखोलीतला पाइप फुटला आणि भिवसेन आत अमोनियाच्या विषारी वायूत कोंडला गेला. बाहेरची कुठली झडप बंद करायची, हे हौसाबाईंना पाठ होतं. हात झडपेवर गेलाही, पण तिथंच अडला.

"मुकादम, फिरवू का? अहो, हो म्हणा की!"

दाराच्या काचेपलीकडून नुसता खोकला आला. तोही थांबला, तेव्हा कुठे त्यांचा हात फिरला.

भिवसेन त्याच दुपारी वारला, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी.