दाबून धर

पोरगा शाम जिच्यात मेला ती जुनी जीप उत्तमसिंगनं ठोकूनठाकून विकायला काढली, पण ब्रेक नरम म्हणून बोरी अरबचं गिऱ्हाईक परतलं. ब्रेकमधली हवा काढायचा नट खोलायला तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. पायडल दाबायला बायको गंगी बसली. “बा, ब्रेक खाली जाऊन राह्यला,” शाम मरेपर्यंत सांगत होता. “तुले चालवताच येत नाई,” बापाचं उत्तर. जीप पुलाला धडकली तेव्हा “पिऊन असन,” हेही तांड्यात पहिले तोच बोलला. “दाबून धर,” तो खालून ओरडला. गंगीनं धरलं. पायडल आधी घट्ट लागलं, मग हळूहळू तळाला टेकलं. “गेलं खाली.” “नट खोलल्याबिगर कसं जाईन? मी पाना लावलाच नाई...” पाना खणकन पडला. “सोड,” तो खालूनच म्हणाला, “शामनं बी असंच दाबून धरलं असन.” गंगीनं पाय काढला नाही.