बिल्ल्याचा आकडा

"आकडा आजही हलला नाही," म्हणत रुचिताने रंगखात्यातल्या कामगाराचा, दत्ताचा बिल्ला टेबलावर ठेवला.

बिल्ला काडेपेटीएवढा. आत निळ्या रंगाचा केसाहून पातळ पापुद्रा. रंग साजगावच्या याच कारखान्यात बनणारा. या रंगातून वीज वाहते आणि विषारी वाफ लागली की जास्त वाहते, बिल्ल्यावरचा आकडा चढतो, हे रुचिताने प्रयोगशाळेत सिद्ध केलं होतं. आता ते माणसाच्या छातीवर सिद्ध व्हायचं होतं. दिवाळीपर्यंत झालं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप, असं साहेबांनी बजावलं होतं. म्हणजे रुचिता पुन्हा छटा तपासायच्या टेबलावर, चार वर्षांच्या संशोधनासकट.

अडचण एवढीच, की रंगखात्यात वाफच टिकत नव्हती. तपासणीवाले येऊन गेल्यावर साहेबांनी मोठा पंखा बसवून ती मागच्या भिंतीकडे सोडून दिली होती.

"दत्ताभाऊ, रिअॅक्टरचं झाकण उघडतात ना, तेव्हा जरा वाकून उभे राहत जा."

दत्ता कशेळ्याहून जीपने यायचा आणि जपून बोलायचा. "बाधंल का ओ, मॅडम?"

"एवढ्यानं काही होत नाही."

दत्ताने मान हलवली.

पुढच्या आठवड्यापासून आकडा चढू लागला. बारा. एकोणीस. एकतीस. रुचिता दहा-दहा तास प्रयोगशाळेतच बसू लागली. धूळ बसली की पापुद्रा वाया जातो, म्हणून खिडक्या चिकटपट्ट्या लावून बंद. हवा यायची ती खुर्चीमागच्या झरोक्यातून, बारीक जाळीतून गाळून. धुळीचा कण आत येत नसे. तिचा घसा मात्र धरला होता आणि डोकं ठणकायचं. ती एसीला नावं ठेवी.

झरोक्याची जाळी बाहेरून पुसायचं कामही दत्ताकडेच होतं. ते उरकून तो रोज सकाळी तिच्यासाठी आलेपाकाची वडी आणू लागला. रुचिताला थोडं अपराधी वाटलं. थोडंच. तिने दर आठवड्याला त्याला खोकला, दम, जळजळ विचारली. तो दर वेळी नाय म्हणाला. काही माणसं काटक असतात.

दिवाळीच्या आठ दिवस आधी साहेबांनी आलेख पाहिला आणि प्रयोगशाळेला आणखी तीन वर्षं दिली. अहवालात फक्त एक रकाना रिकामा होता. रुचिताने दत्ताला बोलावलं. बसलेल्या घशाने विचारलं, नेमकं कुठं उभे राहत होता?

"उभा नाय रायलो, मॅडम. आमच्या पंख्याची वाफ सगळी तुमच्या भिंतीवर येती. सकाळी जाळी पुसली की बिल्ला तिथंच, तुमच्या खुर्चीमागं अडकवायचो. सांजच्याला काढायचो."

रुचिताला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत दत्ता अदबीने उभा राहिला. मग त्याने खिशातून वडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"घ्या. एवढ्यानं काय होत नाय."