डिंकाच्या सुरकुत्या

ऑगस्टीन दादरच्या एका स्टुडिओत रंगभूषा करायचा, पण पडद्यावर त्याचं नाव कधी आलं नव्हतं. म्हातारीचा चेहरा जमला तर स्टुडिओचे साहेब नाव देणार होते. म्हणून त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, वसईजवळच्या गास गावातल्या घरी, त्याने धाकट्या बहिणीलाच, रोझलीनला, ओटीवर समोर बसवलं. तिचं आणि माझं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं.

तिच्या गालांवर राळेचा डिंक लावून त्याने पातळ कागद चुरगळत चिकटवला आणि वर रंग फिरवला. विशीतली रोझलीन सत्तरीची दिसू लागली.

"पसंत आहे का रे म्हातारी? अजून वेळ आहे, पळ," ती मला म्हणाली. आम्ही तिघंही हसलो.

"डोळे मीट, उतरवतो," ऑगस्टीन म्हणाला.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. तो स्पिरिटच्या कापसाने पुसत होता, त्यात डिंक कसा विरघळतो ते मी जवळून पाहत होतो. कागद सगळा सुटून आला. कापूस पांढराच निघू लागला. सुरकुत्या मात्र तशाच होत्या.

मी बोट लावून पाहिलं. ती कातडीच होती.

"सोलतोस की काय मला? गेलं का सगळं?" रोझलीनने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"गेलं," म्हणत ऑगस्टीनने आरसा पालथा घातला.

स्पिरिटने कातडी आकसली असेल, संध्याकाळपर्यंत उतरेल, असं मी स्वतःला समजावत होतो. तेवढ्यात रोझलीनने चाचपडत माझा हात धरला. तिच्या हाताची कातडी सैल पडली होती, शिरा वर आल्या होत्या.

हातांना ऑगस्टीनने काहीच लावलं नव्हतं.