धोंड्याचा मान

पहिला घास हरिओमच्या तोंडापाशी गेला, तोच शेजारी बसलेल्या बायकोनं, पुनमनं त्याचा हात धरला.

"अवं, नका. पोट शिवून महिना न्हाई झाला."

सगळ्या पंगतीचे हात थांबले. अधिक महिना, शिरूर अनंतपाळजवळचं पुनमचं माहेर, पाटावर मानाचा जावई, ताटात तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे. आणि पोटची लेकच त्याचा हात धरून बसलेली! तिच्या आईचं, गुणाबाईचं तोंड एवढंसं झालं.

"शुगर गेली म्हणून तूच फोनवर सांगितलंस की. गोळ्यासुदीक बंद झाल्या म्हणलीस," गुणाबाई म्हणाली. "मग आता गोडाला काय झालं? अन् पुरणापरीस मऊ तरी काय असतंय?"

आता हिला काय सांगावं? लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशनचे डॉक्टर, शुगरचे डॉक्टर, खाण्यापिण्याचं सांगणाऱ्या बाई आणि मनाची समजूत घालणाऱ्या बाई, सगळ्यांनी मिळून पुनमला समोर बसवलं होतं. शुगरसाठी पोट कापून केळाएवढं ठेवलंय, टाके कच्चे आहेत, सध्या नुसतं पातळ आणि तेही घोट घोट. इथं आम्ही आहोत, घरी सगळं तुमच्यावर, असं बजावलं होतं. पुनमनं ते मनावर घेतलं. आजही ती डाळीचं गाळलेलं पाणी थर्मासमध्ये घेऊन आली होती. हरिओमनं येताना कबूलही केलं होतं, नुसतं पाटावर बसतो, तोंडात काही घालत नाही.

"जावयाला उपाशी मारायली की ही," पुनमचा चुलता म्हणाला आणि पंगत हसली.

बायकोनं चारचौघांत हात धरला, हे हरिओमला लई लागलं. त्यानं हात झटकला. तिच्याकडं बघत बघत अख्खा धोंडा खाल्ला, वर दुसरा मागून घेतला. पुनमला असा संताप आला की ताट उचलून अंगणात फेकावं. पण आईचं घर होतं.

हात धुवायला उठलेला हरिओम मोरीपाशीच पोट धरून खाली बसला. आहेराचा नवा सदरा घामानं भिजला. डावा खांदा फुटतोय म्हणून तो कण्हायला लागला. पुनमनं दवाखान्यात फोन लावला. पाण्याचा थेंबही देऊ नका, जसे आहात तसे निघा, असं डॉक्टर म्हणाले. गाडी काढा, गाडी काढा, म्हणत ती घरभर फिरली.

"थांब गं, आधी दिष्ट काढू दे," गुणाबाई मुठीत मीठमोहऱ्या घेऊन आली. "भरल्या ताटावर टोकलंय कुणीतरी. कुणाची लागली, जावईबापू?"

हरिओमला बोलवत नव्हतं. त्यानं डोळे न उघडताच पुनमकडं बोट केलं.