वजाच्या जागी अधिक

लाँड्रीचं दार ढकलताच प्राध्यापकांच्या चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसत त्यांनी चौकशी केली, तेव्हा कुणीतरी कोपऱ्यातल्या बाईंकडे बोट दाखवलं. त्या हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करत होत्या.

"अगबाई, सर तुम्ही!" बाईंनी लगेच ओळखलं. "टीव्हीत जरा जाड दिसता."

प्राध्यापकांना हसू आलं नाही. उत्तरपत्रिकेवरच्या नंबरावरून पत्ता काढायला दोन दिवस लागले होते; इथवर यायचा धीर व्हायला दोन महिने.

ज्यांना कॉलेजात जाता येत नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठ रोज सकाळी सहाला टीव्हीवर पाठ दाखवायचं. गणित ते शिकवत. पाठ देणाऱ्यानेच पेपर तपासायचे, असा नियम होता आणि तो सगळ्यांना कळवलेला होता.

नवव्या पाठात फळ्यावर वजाच्या जागी अधिक पडलं. चित्रीकरण संपल्यावर त्यांच्या ते ध्यानात आलं.

"स्टुडिओ पुन्हा कुठून मिळणार?" निर्माते म्हणाले. "आणि इतक्या सकाळी बघतंय कोण?"

पुढच्या पाठात दुरुस्ती सांगता आली असती. पण सगळ्यांदेखत 'चुकलो' म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

परीक्षेत नेमकं तेच गणित आलं. बाकीच्यांनी पुस्तकातल्यासारखं बरोबर सोडवलं होतं. एकाच उत्तरपत्रिकेत ते अधिक होतं, जसंच्या तसं. मार्क द्यायचे तर कारण लिहावं लागलं असतं. त्यांनी लाल फुली मारली. ती उत्तरपत्रिका चार मार्कांनी नापास झाली.

आता त्यांनी बाईंना सगळं सांगितलं, फुलीसकट.

"विद्यापीठाला तसं लिहून दिलंय. तुमचा निकाल बदलेल. पण वर्षभर झोपमोड करून तुम्ही शिकलात, आणि मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ते मनातून जात नाही."

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"नाही हो सर. ते चुकलंय हे मला त्याच सकाळी कळलं. दोनदा करून बघितलं ना मी."

"मग पेपरात तसं का लिहिलंत?"

बाईंनी चादरीच्या कडा जुळवल्या. मान वर केली नाही.

"पेपर तुम्हीच तपासणार होता ना, सर."