दोन टोकांमधले व्होल्ट

बॅटरीचे अठ्ठावीस नवे मॉड्यूल, घासून चकचकीत केलेल्या तांब्याच्या पट्ट्या, छप्पन्न नट. मास्तरांनी सगळं बोटांनी चाचपून मोजलं, मग उलट बाजूने पुन्हा मोजलं.

"बरोबर आहे. चल, पक्कड."

लेकीचं हे नाव त्यांनीच पाडलं होतं. लहानपणी ते काही दुरुस्त करायला बसले की ती न मागता पक्कड पुढे करायची. आता ती बॅटऱ्यांच्या प्रयोगशाळेत होती. मास्तरांच्या हायब्रिड गाडीची बॅटरी म्हातारी झाली, तेव्हा समोरून ठोकलेल्या एका नव्या गाडीतले हे मॉड्यूल तिनेच शोधून आणले होते. मापं तीच, पिढी नवी. आठवडाभर एकत्र जोडून तिने त्या सगळ्यांचा चार्ज एका पातळीवर आणला होता.

मोठा, म्हणजे मास्तरांचा मुलगा, गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभा होता.

"बाबा, ठरलंय ना आपलं? भंगारवाला बाराला येतोय. तोवर गाडीत जीव आला तर ठेवा. नाहीतर तो उचलून नेणार."

"एकदा सांगितलंस ना?"

"वीसदा सांगितलंय. ऐकलंत कधी?"

मास्तरांनी पट्ट्या उचलल्या. गाडी गेली, की साधं केस कापायला जायचं तरी याच्यापुढे तोंड वेंगाडायचं.

गाडीच्या मागच्या बाजूला जाताना लेकीचा हात डाव्या मडगार्डवर थांबला. "हा पोचा कधीचा?"

"गेट लागलं. अरुंद आहे ते."

"इतक्या वर्षांनी अरुंद झालं?" मोठा हसला.

लेक हसली नाही. ती वाकली, बंपरच्या फटीतून काहीतरी ओढून काढलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं. मग डिकीत हात घालून तिने नारिंगी प्लग उपसला. तो बॅटरीच्या मधोमध असतो. निघाला की मॉड्यूलांची साखळी तुटते आणि आत हात घालता येतो.

"कुठे ठेवलास?"

"खिशात."

मास्तर सुखावले. तंत्रशाळेत पोरांकडून त्यांनी हेच घोकून घेतलं होतं: तारांना ज्याचा हात लागणार, फ्यूज त्याच्याच खिशात राहणार.

जुन्या मॉड्यूलांची पोटं फुगली होती. ते निघाले, नवे बसू लागले. प्रत्येकाला मीटर लावून लेक आकडा सांगत होती.

"सात पॉइंट नऊ."

"दिव्याचा भार दिल्यावर?"

"फारसा उतरत नाही. हाही सात पॉइंट नऊ."

मास्तर मान किंचित बाजूला वळवून ऐकत होते. ही सवय अलीकडची. मॉड्यूल एक सरळ, एक उलटा असे बसवायचे असतात. रांग पुरी झाल्यावर त्यांनी प्रत्येकाच्या टोकावरची अधिकाची खूण बोटाने तपासली.

"बारावा चुकलाय. फिरव."

लेकीने मीटर खाली ठेवला. "नजरेतून सुटला."

"तुझ्या? नवलच."

तिने बारावा फिरवला. पट्ट्या चढल्या, नट आवळले. बाहेर हॉर्न वाजला.

"आला!" मोठा म्हणाला.

"प्लग लाव, पक्कड. आवर!" मास्तर लगबगीने पुढे गेले. ते स्टिअरिंगमागे बसले. ब्रेक दाबून त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नुसती टिकटिक.

"टोकांना किती येतंय?" ते ओरडले.

लेकीचं उत्तर डिकीतून आलं. "शून्य."

"शून्य कसं येईल? नीट बघ!"

"शून्यच आहे, बाबा." तिचा आवाज चिरकला. मीटर तसाच जोडलेला ठेवून तिने ॲप्रन आणि हातमोजे डिकीच्या कडेवर टाकले आणि ती घरात निघून गेली.

"राहू द्या आता," मोठा पहिल्यांदाच हळू बोलला. "तिने जिवाचं रान केलं." आणि तो फाटक उघडायला गेला.

मास्तर डिकीपाशी आले. सात पॉइंट नऊ, अठ्ठावीस वेळा. त्यांची बेरीज शून्य होत नाही. साखळी कुठेतरी तुटली असणार. आत हात घालण्याआधी हातमोजे हवेत म्हणून त्यांनी ते चाचपले. हाताशी ॲप्रन आला. खिसा जड लागला.

आत प्लग होता. तिने तो लावलाच नव्हता.

त्याच्याखाली प्लॅस्टिकचा एक तुकडा होता, नखाएवढा. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. बारीक खवल्यांची नक्षी. लहान सायकलींना मागे लाल रिफ्लेक्टर असतो, त्याचा.

तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या पोरीची सायकल गेटापाशी आडवी पडली होती. मास्तरांना ती दिसली नव्हती. फक्त कडकड ऐकू आली होती. सायकलवर कोणी नव्हतं, हे त्यांना उतरून, खाली बसून, हातांनी चाचपल्यावरच कळलं होतं. ते कोणालाच बोलले नव्हते.

त्यांनी हातमोजे चढवले आणि प्लग जागेवर बसवून खटका खाली दाबला.

गाडी ओढायची साखळी खणखणवत भंगारवाला आत आला. "मास्तर, हुक लावू?"

"थांब. आधी हे वाच."

त्यांनी मीटर उचलून त्याच्यासमोर धरला. तो वाकला.

"दोनशे एकवीस पॉइंट दोन."

मास्तरांनी खटका वर केला, प्लग उपसला आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला.

"आता वाच. आणि हुक लाव."

"शून्य."