घरी न्यायचा खाऊ

आपल्या गतिमंद लेकाला, बेकझातला, दोन दिवस सांभाळ-केंद्रात ठेवून कुल्याश भाचीच्या लग्नाला गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती कुणाचं तोंड न पुसता गरम गरम जेवली.

निघताना वरपक्षाकडची एक म्हातारी रिवाजाप्रमाणे तिच्या पिशवीत बाउरसाक, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर गोळे, भरू लागली. "घे गं, लेकरांना खाऊ! लग्नातून कुणी रिकाम्या हाती जातं का?"

मुलाची चौकशी नको, म्हणून कुल्याश चटकन बोलून गेली, "घरी कुणी नाहीये खायला, आजी."

दुसऱ्या दिवशी ती लेकाला न्यायला आली, तर त्याचे दोन्ही खिसे फुगलेले.

केंद्रातल्या ताई हसून म्हणाल्या, "अहो, दर जेवणात अर्धा बाउरसाक खिशात घालायचा. म्हणायचा, 'घरी आई आहे ना खायला!'"